काखेत कळसा, गावाला वळसा : प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी कुठे शोधतो?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी क्लस्टरवर चाळीस जॉब टाकले आणि निश्चिंत मनाने घरी गेले. सोमवारी सकाळी येऊन बघते तर चाळीसच्या चाळीस जॉब सुरू झाल्यावर सेकंदाभरात मेलेले. प्रत्येकाच्या एरर फाइलमध्ये एकच ओळ : 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज : लिबएफएफटीडब्ल्यू३.एसओ.३ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. म्हणजे लायब्ररीची फाइल उघडता येत नाही, कारण अशी फाइलच नाही.

पण फाइल तर होती! मी स्वतःच्या होम डिरेक्टरीत ती स्वतः बांधली होती. 'एलएस' केलं की समोर दिसत होती. कोड कंपाइल झाला होता, लॉगिन नोडवर चालतही होता. मग रात्रीतून काय झालं?

तेव्हा मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. एरर सर्च इंजिनात टाकला, पहिल्या उत्तरातली एक्सपोर्टची ओळ उचलून 'बॅशआरसी' फाइलमध्ये चिकटवली आणि काम चालू झालं. त्या एका ओळीने पुढे आठ महिन्यांनी मला पार रडवलं. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी ती ओळ नक्की काय करते ते बघू या, कारण संशोधनासाठी कोड चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा एरर कधी ना कधी येतोच.

(एक सूचना : कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. सगळं विवेचन लिनक्स आणि त्यावरची 'जीलिबसी' ही नेहमीची सी लायब्ररी धरून आहे.)

लिंकिंग दोनदा होतं

सगळा घोळ इथे आहे. आपण कंपाइल करताना '-एल' हा पर्याय देऊन लायब्ररीची डिरेक्टरी सांगतो आणि आपल्याला वाटतं, झालं, आता प्रोग्रॅमला लायब्ररी कुठे आहे ते कळलं. तसं होत नाही.

पहिलं लिंकिंग प्रोग्रॅम बांधताना होतं. ते 'एलडी' नावाचा लिंकर करतो. तो '-एल'ने दिलेल्या डिरेक्टरीत जातो, लायब्ररीत आपल्याला हवी ती फंक्शन्स आहेत ना याची खात्री करतो आणि प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये एक नोंद करून ठेवतो : 'चालताना ही लायब्ररी लागेल.' लायब्ररीतला कोड तो प्रोग्रॅममध्ये कॉपी करत नाही. (कॉपी केला तर ते स्टॅटिक लिंकिंग.)

दुसरं लिंकिंग प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू करताना होतं. ते करणारा वेगळाच आहे, त्याला डायनॅमिक लिंकर किंवा लोडर म्हणतात. आपल्या नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर त्याचं नाव 'एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२'. त्याचा पूर्ण पत्ता प्रत्येक प्रोग्रॅमच्या ईएलएफ फाइलमध्ये 'इंटरप' नावाच्या भागात लिहिलेला असतो. आपण एंटर दाबलं की कर्नल प्रोग्रॅमसोबत या लोडरलाही मेमरीत आणतो आणि ताबा आधी लोडरकडे देतो. तो सगळ्या लायब्ऱ्या गोळा करून, एकमेकींना जोडून देतो आणि मग कुठे आपलं 'मेन' फंक्शन सुरू होतं.

म्हणजे '-एल' ही पहिल्या लिंकरला दिलेली माहिती आहे. दुसऱ्याला तिचा पत्ताच नसतो. माझा प्रोग्रॅम लॉगिन नोडवर चालत होता, कारण त्या टर्मिनलमध्ये आठवडाभरापूर्वी मी एक एक्सपोर्ट करून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. आमच्या क्लस्टरवर जॉब नव्या कोऱ्या शेलमध्ये सुरू होतो, तिथे ते एक्सपोर्ट नव्हतं.

नाव आहे, पत्ता नाही

प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये केलेल्या त्या नोंदीला 'नीडेड' म्हणतात. 'रीडएल्फ' ही कमांड '-डी' पर्यायासह चालवली की या नोंदी दिसतात. नीट बघा : तिथे फक्त नाव असतं, डिरेक्टरी नसते.

हे नाव म्हणजे लायब्ररीचं 'एसओ-नेम'. एकाच लायब्ररीची साधारण तीन नावं डिस्कवर दिसतात. समजा लायब्ररी 'लिबफू' आहे. 'लिबफू.एसओ.३.१.२' ही खरी फाइल. 'लिबफू.एसओ.३' ही तिच्याकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक, आणि हेच एसओ-नेम. तिसरं साधं 'लिबफू.एसओ', हे फक्त बांधतानाच्या लिंकरसाठी. शेवटचा आकडा ३ म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द असतो, की या आकड्याच्या सगळ्या आवृत्त्या एकमेकींच्या जागी चालतील. जुन्या प्रोग्रॅमना चालणार नाही असा बदल झाला, की आकडा ४ व्हायला हवा.

नावात तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, असेल तर लोडर त्याला सरळ पत्ता समजतो आणि शोधाशोध करत नाही. पण बहुतेक वेळा नुसतं नाव असतं. मग शोध सुरू होतो.

शोधाचा क्रम

हा क्रम पाठ करायची गरज नाही, पण एकदा समजून घ्या. लोडर एकेका ठिकाणी बघतो आणि पहिल्यांदा जिथे त्या नावाची चालण्याजोगी फाइल मिळेल तिथे थांबतो.

१. आरपाथ : ज्या फाइलला लायब्ररी हवी आहे तिच्यात कोरून ठेवलेली डिरेक्टऱ्यांची यादी. त्याच फाइलमध्ये 'रनपाथ' असेल तर ही यादी विचारात घेतली जात नाही.

२. 'एलडी_लायब्ररी_पाथ' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

३. रनपाथ : हीसुद्धा फाइलमध्ये कोरलेलीच यादी, पण व्हेरिएबलच्या नंतर बघितली जाणारी.

४. '/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश' ही कॅश फाइल.

५. ठरलेल्या डिरेक्टऱ्या : '/लिब' आणि '/यूएसआर/लिब' (काही ६४ बिट सिस्टिमवर त्यांचे 'लिब६४' भाऊ).

यातलं कुठेच मिळालं नाही तर तो कुप्रसिद्ध एरर. माझ्या होम डिरेक्टरीतलं 'लोकल/लिब' या पाचांपैकी कशातच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण लोडरची यात काही चूक नाही. काखेत बघायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! आपल्याला वाटतं की तो चालू डिरेक्टरीत किंवा प्रोग्रॅमच्या शेजारी बघेल. तो आपणहून दोन्हीकडे बघत नाही.

आता यातले खाचखळगे.

आरपाथ आणि रनपाथ : नावं सारखी, स्वभाव वेगळे

सुरुवातीला फक्त आरपाथ होता. तो सगळ्यांत आधी बघितला जातो, त्यामुळे एकदा कोरला की वापरणाऱ्याला व्हेरिएबलने तो बदलता येत नाही. ही अडचण सोडवायला रनपाथ आला. त्याची जागा व्हेरिएबलनंतर, म्हणजे वापरणाऱ्याचा शब्द वरचढ.

पण आणखी एक फरक आहे आणि तोच जास्त त्रास देतो. समजा तुमच्या प्रोग्रॅमला 'अ' लायब्ररी लागते आणि 'अ'ला 'ब' लागते. प्रोग्रॅममध्ये आरपाथ असेल तर तो 'अ' शोधताना वापरला जातो आणि 'अ'ला 'ब' हवी असतानाही वापरला जातो (अट एवढीच की 'अ'मध्ये स्वतःचा रनपाथ नसावा). रनपाथ मात्र फक्त थेट गरजेपुरता असतो. प्रोग्रॅमच्या रनपाथने 'अ' मिळेल, पण 'ब' शोधताना 'अ'च्या फाइलमधला रनपाथ बघितला जाईल, प्रोग्रॅममधला नाही.

उबुंटूसारख्या वितरणांत तुम्ही लिंकरला 'आरपाथ' पर्याय दिला तरी फाइलमध्ये रनपाथच लिहिला जातो. त्यामुळे 'मी तर आरपाथ दिला होता, मग दुसरीच लायब्ररी का सापडत नाही?' हा प्रश्न पडला तर आधी 'रीडएल्फ'ने बघा, नक्की काय कोरलं गेलंय.

दोन्हींत एक खास शब्द चालतो : डॉलर-ओरिजिन. त्याचा अर्थ 'ही फाइल जिथे आहे ती डिरेक्टरी'. म्हणजे 'माझ्या शेजारच्या लिबमध्ये बघ' असं सांगता येतं आणि सगळं फोल्डर दुसऱ्या मशीनवर हलवलं तरी चालतं. एकच करा, शेलमध्ये लिहिताना हा शब्द एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्याला स्वतःचा व्हेरिएबल समजून रिकामा करून टाकतो.

व्हेरिएबलच्या तीन गमती

पहिली. आपण लिहितो 'नवी डिरेक्टरी, मग कोलन, मग जुनं व्हेरिएबल'. जुनं व्हेरिएबल रिकामं असेल तर शेवटी नुसता कोलन उरतो. कोलनपुढची ती रिकामी जागा लोडरच्या दृष्टीने चालू डिरेक्टरी असते! मग तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथल्या लायब्ऱ्या उचलल्या जाऊ शकतात. एकच प्रोग्रॅम एका फोल्डरमधून चालतो आणि दुसऱ्यातून नाही, याचं कारण कधी कधी एवढंसं असतं.

दुसरी. लोडर हे व्हेरिएबल प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचतो. पायथनच्या आत 'ओएस.एन्व्हायरॉन'मध्ये ते बदललं तर चालू प्रोसेसवर त्याचा काही परिणाम होत नाही. फक्त त्यानंतर सुरू केलेल्या नव्या प्रोसेसना ते दिसतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

तिसरी. सेटयूआयडी प्रोग्रॅम, म्हणजे जे चालवणाऱ्यापेक्षा जास्त अधिकाराने चालतात, त्यांच्यासाठी लोडर हे व्हेरिएबल बघतच नाही. नाहीतर कोणीही स्वतःची खोटी सी लायब्ररी पुढे करून रूटचे अधिकार मिळवले असते.

कॅशचं काय?

प्रत्येक वेळी डिरेक्टऱ्या चाळायला नकोत म्हणून सिस्टिमच्या लायब्ऱ्यांची एक तयार यादी असते. ती 'एलडीकॉन्फिग' ही कमांड बनवते. कोणत्या डिरेक्टऱ्या घ्यायच्या ते '/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ'मध्ये लिहिलेलं असतं. तुमच्याकडे रूट अधिकार असतील आणि '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये काही नवीन टाकल्यावर प्रोग्रॅमला ते सापडत नसेल, तर ही कमांड चालवायची राहिलेली असते. 'एलडीकॉन्फिग -पी' केलं की यादी वाचता येते, त्याला रूट लागत नाही. क्लस्टरवर आपल्याला रूट कधीच मिळत नाही, म्हणून आपला संबंध वरच्या तीन पायऱ्यांशीच जास्त.

'सापडली' म्हणजे 'बरोबर सापडली' नाही

लोडर नावावर जातो. चुकीच्या आर्किटेक्चरची फाइल मिळाली, उदाहरणार्थ ६४ बिट प्रोग्रॅमला ३२ बिट लायब्ररी, तर तो ती सोडून पुढे जातो. पण नाव तेच, आर्किटेक्चर तेच आणि आवृत्ती जुनी, असं असेल तर तो तिथेच थांबतो. पुढच्या डिरेक्टरीत चांगली असली तरी बघत नाही.

याचं नेहमीचं उदाहरण 'लिबएसटीडीसी++.एसओ.६'. २००४ मध्ये आलेल्या जीसीसी ३.४ पासून हे एसओ-नेम बदललेलं नाही. आत मात्र फंक्शन्सना आवृत्तीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९' ही चिठ्ठी जीसीसी ११ बरोबर आली. जीसीसी ११ ने बांधलेला प्रोग्रॅम जुन्या क्लस्टरवर नेला, तर लायब्ररी सापडते, पण ही चिठ्ठी तिच्यात नाही म्हणून लोडर प्रोग्रॅम थांबवतो. हा एरर मी चांगला मानते, कारण तो बोलतो तरी.

आणखी एक नियम : एका प्रोसेसमध्ये एखाद्या एसओ-नेमची लायब्ररी एकदा आली की त्याच नावाची दुसरी मागणी तिच्यावरच भागवली जाते. पायथनच्या पॅकेजांना याचा धोका असतो, कारण प्रत्येक पॅकेजला स्वतःच्या आवृत्तीची लायब्ररी हवी असते. म्हणून पिपने बसवलेल्या नमपायच्या शेजारी 'नमपाय.लिब्स' नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यातल्या ओपनब्लासच्या नावात अगम्य अक्षरांची शेपटी असते. नावच वेगळं केलं की गल्लत होत नाही.

मग शोधायचं कसं?

चार हत्यारं पुरतात.

'एलडीडी' : कोणती लायब्ररी कुठून मिळाली याची यादी. 'नॉट फाउंड' दिसलं की रोग सापडला. पण अनोळखी माणसाकडून आलेल्या फाइलवर ही कमांड चालवू नका, काही परिस्थितीत ती फाइलच चालवली जाऊ शकते. तिथे 'रीडएल्फ' बरी.

'रीडएल्फ -डी' : नीडेड, आरपाथ, रनपाथ यांच्या नोंदी.

'एलडी_डीबग' हा व्हेरिएबल 'लिब्स' असा ठेवून प्रोग्रॅम चालवला, तर लोडर स्वतःच सगळं सांगतो : कोणती लायब्ररी शोधतोय, यादी कुठून आली, कोणकोणती फाइल उघडून बघितली. पहिल्यांदा बघाल तेव्हा ओळींचा पूर येईल, घाबरू नका. तुमच्या लायब्ररीचं नाव ग्रेप करा.

चौथं, चालू प्रोसेससाठी : '/प्रॉक' खाली त्या प्रोसेसच्या नंबराच्या फोल्डरमधली 'मॅप्स' फाइल. मेमरीत आत्ता खरोखर काय आहे ते तिथेच कळतं. पायथनसारखे प्रोग्रॅम चालता चालता 'डीएलओपन'ने आणखी लायब्ऱ्या उघडतात, त्या 'एलडीडी'ला दिसत नाहीत, इथे दिसतात.

आठ महिन्यांनंतर

आता राहिलेली गोष्ट. माझा कोड अणूंच्या हालचाली काढतो. फूरिये रूपांतरासाठी एफएफटीडब्ल्यू आणि मॅट्रिक्सच्या गणितासाठी ओपनब्लास वापरतो. एका ज्युनिअरने माझ्याच इनपुट फाइली, माझाच प्रोग्रॅम घेऊन तिच्या अकाउंटवरून गणित चालवलं आणि म्हणाली, 'ताई, सुरुवातीला आकडे जुळतात, पण पुढे पुढे अणूंचे मार्गच वेगळे होतायत.'

दोन दिवस मी तिची चूक शोधत होते. तिसऱ्या दिवशी 'मॅप्स' उघडून बघितलं. तिच्या प्रोसेसमध्ये क्लस्टरची ओपनब्लास होती आणि माझ्यात माझ्या होम डिरेक्टरीतली. 'लोकल/लिब'मध्ये एफएफटीडब्ल्यूच्या शेजारीच मी कधीतरी गंमत म्हणून ओपनब्लासची जुनी आवृत्ती बांधून ठेवली होती. बॅशआरसीतली ती ओळ पूर्ण डिरेक्टरी पुढे करते, एक लायब्ररी नाही. क्लस्टरचं मॉड्यूल बांधणाऱ्यांनी रनपाथ दिला होता, पण व्हेरिएबल त्याच्या आधी येतो. एसओ-नेम दोघींचं एकच. लोडरने नियमाप्रमाणे माझी जुनी उचलली. एरर नाही, इशारा नाही.

यात चूक गणित कोणाचंच नव्हतं. संगणकावर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो. पायथनमध्ये स्वतः करून बघा : ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं, ०.२ आणि ०.३ आधी मिळवून मग ०.१ मिळवला तर ०.६. वेगळ्या आवृत्त्या बेरजा वेगळ्या क्रमाने करतात. आणि अणूंच्या हालचालीत तो शेवटचा अंक पायरीगणिक वाढत जातो. सरासरी गुणधर्म तेच राहिले, निष्कर्ष बदलले नाहीत.

पण प्रबंधाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की सगळी गणितं अमुक आवृत्तीच्या ओपनब्लासने केली. ते मी मॉड्यूलच्या यादीवरून लिहिलं होतं. आठ महिने ते खोटं होतं आणि मला माहीतही नव्हतं. सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, 'आता काय लोड झालं होतं ते लिही, काय लोड व्हायला हवं होतं ते नको.' महत्त्वाची गणितं मी पुन्हा चालवली. तीन आठवडे गेले.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी :

- बॅशआरसीत हे व्हेरिएबल कायमचं ठेवायचं नाही. लागलंच तर जॉब स्क्रिप्टमध्ये, त्या एका कमांडपुरतं.
- स्वतः बांधलेल्या लायब्ररीचा पत्ता बांधतानाच रनपाथमध्ये कोरायचा. राहून गेलं तर 'पॅचएल्फ' या साधनाने नंतरही कोरता येतो.
- प्रत्येक लायब्ररीची वेगळी डिरेक्टरी, नावात आवृत्ती. सगळं एका 'लोकल/लिब'मध्ये कोंबायचं नाही.
- प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला 'एलडीडी'चं आउटपुट निकालांच्या शेजारी एका फाइलमध्ये साठवायचं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढते, बस.

यातली शेवटची सवय आजच लावून घ्या. वर्षभराने परीक्षकाने विचारलं, 'हे कशावर चालवलं होतं?', तर उत्तर आठवणीतून द्यावं लागणार नाही, फाइल उघडून देता येईल.

पुढच्या लेखात याच धाग्यावर कंटेनरबद्दल लिहीन. ते हा प्रश्न सोडवतात की नुसता झाकतात, ते बघू.